'मानसोपचारतज्ज्ञ' नेमके कोणाला म्हणायचे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परीक्षेच्या दिवसांत पुरवण्यांमधून सल्ले देणारे सगळेच 'मानसोपचारतज्ज्ञ' असतात. त्यात एम.डी. झालेला मनोविकारतज्ज्ञ असतो, मानसशास्त्रात एम.ए. केलेली प्राध्यापिका असते आणि काही आठवड्यांचा समुपदेशनाचा कोर्स केलेले गृहस्थही असतात. प्रश्न नुसत्या शब्दाचा असता तर हे पत्र लिहिले नसते. पण कायद्याच्या लेखी ही तीन वेगळी माणसे आहेत आणि त्यांच्याविरुद्ध तक्रार करायची तर दारेही वेगळी आहेत. तिसऱ्याच्या बाबतीत तर दार कुठले, हेच सांगता येत नाही.

मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर. त्याची नोंद वैद्यक परिषदेकडे असते आणि औषधे तोच लिहितो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची) नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे बोलीतला 'आरसीआय नंबर'. पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल., तोही देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम करून, हा आजवरचा मुख्य मार्ग. आता एम.फिल. बंद होत आहे आणि परिषदेने मान्य केलेल्या इतर अभ्यासक्रमांतूनही लोक येतील. म्हणून पदवीपेक्षा क्रमांक विचारलेला बरा.

क्रमांक मिळाला म्हणजेही काम संपले असे नाही. परिषदेच्या त्याच नोंदवहीत विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, श्रवणतज्ज्ञ असे अनेक प्रवर्ग आहेत. विशेष शिक्षिकेचा क्रमांक खरा असतो, पण त्याच्या बळावर पाटीवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहिता येत नाही. संकेतस्थळावर शोधताना नावाबरोबर प्रवर्ग आणि मुदत पाहा; दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्याला १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्याच्या कलम १३ नुसार एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! ही छपाईची चूक नव्हे.

नुसते 'मानसशास्त्रज्ञ' किंवा 'समुपदेशक' म्हणवणारे २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत आले आहेत. मात्र त्या कायद्याखालच्या राज्य परिषदेची नोंदवही प्रत्यक्ष चालू असेल तरच त्याचा ग्राहकाला उपयोग.

आता गोपनीयतेबद्दल. 'इथले काहीही बाहेर जाणार नाही' असे पहिल्याच भेटीत सांगणारा एकतर अजाण आहे किंवा खोटे बोलतो आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते आणि अपवादही सांगते: दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर तो टळावा एवढीच माहिती, किंवा न्यायालयाचा आदेश. अल्पवयीन मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती कळली तर पोक्सोच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारकच आहे. हे मुलाला आधी सांगितले नसेल, तर त्याने विश्वासाने बोललेली गोष्ट पोलिसांकडे गेल्यावर ते पुन्हा कोणाशी बोलत नाही. म्हणून संमतिपत्र पहिल्या भेटीतच, बोलणे सुरू होण्यापूर्वी, लेखी हवे. त्यात शुल्क, सत्राचा अवधी, रद्द केलेल्या सत्राचा नियम, टिपणे कुठे राहतात आणि गुप्तता कधी मोडेल, हे सगळे आले पाहिजे. शाळेतल्या समुपदेशकाने तर मुख्याध्यापकांना काय कळेल आणि काय नाही, तेही त्यात लिहावे. सर्वाधिक घोळ तिथेच होतो.

'झोपेची गोळी आठवडाभर अर्धी करून बघा' हे मानसशास्त्रज्ञाच्या तोंडी शोभत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचेच कलम १०६ आपल्या व्यवसायकक्षेबाहेरचे औषध सुचवायला मनाई करते.

चाचण्यांचा विषय वेगळ्या पत्राचा, तरी एक सांगतो. बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांवर बेतली गेली. तिचे ऋण मोठेच, पण जुन्या निकषांवर, म्हणजे त्या काळच्या मुलांशी तुलना करून, बुद्ध्यांक फुगून येतो. बौद्धिक अक्षमतेची सीमा मानल्या जाणाऱ्या ७० च्या आसपासच्या मुलाला त्यामुळे हक्काचा आधार नाकारला जाऊ शकतो. अहवालात चाचणीचे नाव, तारीख, मुलाचे वय वर्षे-महिन्यांत, निकष कोणते आणि मिळालेल्या गुणांच्या मागे-पुढे चाचणीतल्या चुकीपोटी किती फरक गृहीत धरला, हे नसेल तर तो परत करावा. लेटरहेडवरचा एकटा आकडा म्हणजे अहवाल नव्हे. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणाऱ्या 'डीएमआयटी'ला तर शास्त्रीय आधारच नाही. तरी निकाल लागले की तिच्या जाहिराती वृत्तपत्रांत दिसतात.

आपल्याकडून दोन गोष्टी व्हाव्यात. कोणा अभिनेत्याच्या किंवा आरोपीच्या मनःस्थितीवर, त्याला कधीही न तपासलेल्या तज्ज्ञाचे मत छापू नये. आणि जाहिरातीच्या अर्जावर परिषद, प्रवर्ग व नोंदणी क्रमांक असे तीन रकाने ठेवावेत. ते रिकामे आले तर जाहिरातीत 'मानसोपचारतज्ज्ञ' हा शब्द जाऊ देऊ नये.

आपला,
एक नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ