संक्रांतीचा खजिना शोध आणि तुमची बालपुरवणी

संपादक महोदय, नमस्कार.

संक्रांत आली की शाळेत काय होतं ते सगळ्यांना माहितीय, तिळगूळ, काळे कपडे, फोटो आणि ते फोटो लगेच पालकांच्या ग्रुपवर. यावेळी आम्ही सातवीच्या वर्गात त्याला जोडून खजिना शोध घेतला. खजिना म्हणजे शेवटी चिक्कीचा डबा, बाकी सगळा खेळ वाचायचा. भिंतीवर, खिडकीत, कपाटाच्या दारावर माहितीची कार्डं चिकटवली, गटागटाने फिरून उत्तर शोधायचं आणि ज्या ओळीवरून ते मिळालं ती ओळ वहीत उतरवायची. ही अट पाहिजेच, नाहीतर मुलं अंदाजपंचे ठोकून देतात.

एका कार्डावर लिहिलं होतं की 2017 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर बंदी घातली, पतंगाला फक्त सुती दोरा चालेल आणि त्यालाही काच, धातू असं धारदार काही लावलेलं नको. प्रश्न होता, काचेची पूड लावलेला सुती दोरा चालेल का? बहुतेक गटांनी ठणकावून सांगितलं, चालेल, सुती आहे ना! अर्धी ओळ वाचून गाडी पुढे. हीच मुलं गोष्टीचा धडा घडाघडा वाचतात, त्याखालचे प्रश्नही सोडवतात.

दुसरा प्रश्न, पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली का? सगळे हो म्हणाले कारण घरी तसंच ऐकलेलं. आता एका कार्डावर फक्त लढाईची तारीख होती, 14 जानेवारी 1761. खिडकीतल्या कार्डावर होतं की सूर्याला मकर राशीत परत यायला इंग्रजी वर्षापेक्षा वीसेक मिनिटं जास्त लागतात म्हणून संक्रांत साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. दोन्ही कार्डं जोडल्याशिवाय उत्तर नाही. एका गटाने तिथेच खाली बसून भागाकार केला आणि ओरडले की तेव्हा संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती! मग बाकीचे सगळे त्या खिडकीपाशी, कुणाला पटेना, परत वाचा, परत गणित, चिक्की विसरले राव.

माझं म्हणणं एवढंच की आपण मुलांना वाचायला देतो त्या गोष्टी आणि तपासतो तेही गोष्टीवरच, ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणातल्या वाचन चाचणीतही सगळ्यात वरची पायरी म्हणजे दुसरीच्या पातळीची गोष्टच असते. गोष्ट वाचायला हवीच, माझा विरोध नाही, पण उद्या बियाण्याच्या पाकिटावरची सूचना नाहीतर कर्जाच्या फॉर्मवरची अट वाचायची वेळ येणार तिथे राजा-राणी नसतात.

तुमची बालपुरवणी आमच्या वर्गात येते, मुलं तुटून पडतात. तिच्यात गोष्ट, कविता, ठिपके जोडा, झालं. सणाच्या आधीच्या रविवारी अर्धं पान माहितीला द्या ना, होळीला पळसाच्या फुलांवर द्या, पाडव्याला पंचांग कसं बघायचं ते द्या, सोबत एखादा तक्ता किंवा नकाशा आणि चार-पाच प्रश्न, एका शब्दात न संपणारे. कात्रणं करून भिंतीवर लावायचं काम आमचं. फक्त उत्तरं खाली उलटी छापू नका, मुलं पेपर फिरवून आधी तेच वाचतात.

– एक शिक्षिका, सातारा जिल्हा