गिटार विकण्याआधी

मिरज,
१० ऑगस्ट

चि. निषाद,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. गिटार सुरात राहत नाही, वरच्या फ्रेटवर (नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांपैकी बॉडीकडच्या) बेसूर बोलते, पावसाळा लागल्यापासून तारा खडखडतात, म्हणून ती विकून महागातली घ्यावी असं तुझ्या मनात आहे. घ्यायला माझी ना नाही, पण आत्ता नको. तू लिहिलेल्या तक्रारी लाकडाच्या किंवा कारखान्याच्या नाहीत, सगळ्या जुळणीच्या, म्हणजे भाग नीट बसवण्याच्या आहेत. जुळणी शिकला नाहीस तर नवी गिटारही पुढच्या जूनमध्ये अशीच वागेल.

स्वस्त इलेक्ट्रिक गिटार चांगली असू शकते, त्याला कारण आहे. १९५० साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने जी भरीव गिटार बाजारात आणली, तिची रचनाच कारखान्यात सहज बनावी अशी होती: सपाट फळीची बॉडी (धड) आणि स्क्रूने बसवलेली नेक (मान). अकूस्टिकसारखं पातळ लाकूड वाकवायचं नाही, पोकळ पेटी चिकटवायची नाही. आज हीच कापणी संगणकावर चालणारी यंत्रं करतात आणि ती किंमत बघून कापत नाहीत. यामाहाची पॅसिफिका ११२ घे उदाहरणाला: आल्डरची बॉडी, मेपलची नेक, २२ फ्रेट, ब्रिजजवळ (बॉडीवरच्या तारांच्या घोडीजवळ) हमबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे दोन जातींचे पिकअप. तुझ्या गिटारची रचनाही तशीच आहे. किंमत कमी ठेवायला कारखाना वाचवतो ते शेवटचं हातकाम: नटच्या (नेकच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचा नीट कानसणं, फ्रेटची टोकं गुळगुळीत करणं, तारांची उंची बसवणं. त्यातलं बरंचसं तू स्वतः करू शकतोस. जे करू नयेस तेही खाली लिहिते.

आधी तारा बदल. हे सोडून बाकी काही मोजू नकोस, कारण गंजलेली तार एकसारख्या जाडीची राहत नाही आणि मग स्वर कुठेच जुळत नाही. नऊ-बेचाळीसचा संच आण, म्हणजे सर्वांत पातळ तार इंचाच्या ९ हजारांश आणि सर्वांत जाड ४२ हजारांश. एक तार काढायची, तिच्या जागी नवी घालायची, मग पुढची. सगळ्या एकदम काढल्यास तर मागच्या स्प्रिंगा ट्रेमोलो, म्हणजे दांड्याने हलणारा ब्रिज, आत ओढतात आणि सगळंच हलतं. खुंटीवर जाड तारेचे दोन ते तीन वेढे, पातळ तारेचे तीन-चार, एकाखाली एक, एकमेकांवर चढू न देता. तार चढली की बाराव्या फ्रेटपाशी बोटाने हलकेच वर ओढ, पुन्हा सुरात आण, पुन्हा ओढ. ओढूनही स्वर उतरत नाही तोवर हे करत राहा. 'नव्या तारा टिकत नाहीत' या तक्रारीतली बहुतेक तक्रार इथेच संपते.

त्यानंतरही सूर हलत असेल तर तो कोणत्या बाजूला हलतो ते नीट ऐक. तार बोटाने खेचून बेंड केलीस आणि सोडल्यावर ती उतरलेली राहिली, किंवा ट्रेमोलोचा दांडा दाबून सोडल्यावर ती चढलेली राहिली, तर ती नटच्या खाचेत अडकते आहे. खुंटी पिळताना 'टिंग' असा आवाज येऊन स्वर एकदम उडी मारत असेल तर खात्रीच. तार खाचेतून बाजूला उचल आणि टू-बी पेन्सिलीचं शिसं खाचेत घास. एवढ्याने गेलं नाही तर खाच अरुंद आहे, ती कारागिराकडून रुंद करून घे. लॉकिंग खुंट्यांचं (तार आवळून धरणाऱ्या) जे तू बघत होतास ते सगळ्यात शेवटी. खुंटीचे दाते खरंच घसरत असतील तरच त्यांचा उपयोग. खाचेत अडकलेल्या तारेला कितीही महागडी खुंटी सोडवत नाही.

नटची उंचीही तपास. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाब आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघ. जेमतेम कागदाएवढी हवी. फट जास्त असेल तर पहिल्या फ्रेटवर तार दाबताना जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. म्हणजे मोकळ्या तारा ट्यूनरवर अगदी बरोबर आणि एफचा कॉर्ड मात्र आंबट. स्वस्त गिटारीत सर्वांत जास्त राहून जाणारं काम हेच. पण ही कानस तू चालवू नकोस. खाच केसभर जास्त खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर आपटायला लागते आणि नटच बदलावा लागतो. या एका कामाला कारागिराचे पैसे खुशाल दे.

आता नेक. लाकूड हवेतला ओलावा पितं, आणि माटुंग्याच्या त्या खोलीत जून ते सप्टेंबर ओलावाच ओलावा. नेक त्याने पुढे वाकते की मागे हे त्या त्या लाकडावर ठरतं, म्हणून अंदाज न करता मोज. गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) मिळतो, तो आण, आणि अर्धा मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी. गिटार सुरात लाव, वाजवताना धरतोस तशीच धर. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लाव, नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर जाड तार दाब आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेटमधली फट बघ. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरव, फट कमी होते. फटच नसेल तर उलट फिरव. एका वेळी वर्तुळाचा आठवा भाग, फार तर पाव. कसताना तारा थोड्या सैल कर. मग पुन्हा सुरात आण आणि दुसऱ्या दिवशी परत मोज, कारण नेक सावकाश स्थिरावते. गिटारसोबत आलेली अ‍ॅलन कीच (षट्कोनी किल्ली) वापर. सैल बसणारी किल्ली आतले कोपरे खाते आणि मग रॉड फिरवायला काही उरत नाही. हाताला जोर लागतोय असं वाटलं की थांब.

नेक बसली की तारांची उंची. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत पातळ तारेला साधारण १.६ मिलिमीटर, जाड तारेला २. प्रत्येक सॅडलला (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याला) दोन बारीक स्क्रू आहेत, ते सारखे फिरव म्हणजे सॅडल तिरकं होणार नाही. खडखड कुठे होते यावरून कारण कळतं. पहिल्या पाच फ्रेटमध्ये होत असेल तर नेक फार सरळ किंवा मागे झुकलेली. बाराव्याच्या पुढे होत असेल तर बहुधा तारा फार खाली. एकाच जागी होत असेल तर पुढचा एखादा फ्रेट उंच आहे, तो कारागिराने घासायचा. अ‍ॅम्पमधून ऐकू न येणारी थोडी खडखड मात्र सोडून दे. आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडी अशी घासतात की तार तिला हळूच चाटत राहावी आणि स्वर फुलावा. गिटारमध्ये नेमकं उलटं हवं, तार फ्रेटपासून मोकळी सुटली पाहिजे. हा फरक कानात असू दे, म्हणजे कुठली झिणझिण काढायची ते तुला चटकन कळेल.

स्वरस्थानं यानंतरच. सतारीचा पडदा तू सरकवू शकतोस, गिटारचा नाही, म्हणून तारेची लांबीच कमी-जास्त करावी लागते. नटपासून ब्रिजपर्यंत ६४८ मिलिमीटर, त्याचा अर्धा म्हणजे बारावा फ्रेट. पण दाबताना तार ताणली जाते, म्हणून प्रत्येक सॅडल किंचित मागे लागतं, आणि दर तारेला वेगळं. बाराव्या फ्रेटवर तारेला फक्त स्पर्श करून हार्मोनिक वाजव, मग तीच तार तिथेच दाबून वाजव. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे घे, उतरलेला असेल तर पुढे. दर वेळी तार पुन्हा सुरात लावूनच परत बघ. बोट नेहमीइतकंच दाब. घट्ट आवळलंस तर ट्यूनर तुझं बोट मोजेल, गिटार नाही.

ट्रेमोलो तू फारसा वापरत नाहीस. मग तो बॉडीवर टेकवून टाक. मागचं झाकण काढ, स्प्रिंगांच्या पट्टीचे दोन स्क्रू सारखे आत घे, ब्रिजचा तळ लाकडाला टेकेपर्यंत, वर अजून थोडे. एक तार तुटली तरी बाकीच्या सुरात राहतील आणि बेंड करताना शेजारच्या तारा उतरणार नाहीत. शिकणाऱ्याने ट्रेमोलो तरंगता ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पिकअप तारांच्या फार जवळ नकोत. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सिंगल कॉइलच्या चुंबकापर्यंत दोन ते अडीच मिलिमीटर राहू दे. आवाज मोठा येतो म्हणून लोक ते वर घेतात. मग चुंबक तारेलाच ओढतो आणि जाड तार वरच्या फ्रेटवर डगमगती, दुहेरी बोलते. सॅडल हलवून ते जात नाही.

आता खोलीत वाजवताना स्पीकरमधून येते त्या भणभणीबद्दल. सिंगल कॉइल म्हणजे तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, आसपासची वीज ती पकडणारच. हमबकरमध्ये दोन कॉइल उलट-सुलट जोडलेल्या असतात, त्यामुळे भणभण आपसांत कटते. पंख्याचा गोल फिरणारा रेग्युलेटर मधल्या वेगावर सर्वांत जास्त त्रास देतो. पंखा पूर्ण वेगाने ठेव किंवा बंद कर. फोनचा चार्जर लांब ठेव, आणि स्वतः थोडा वळून बस, एखाद्या कोनात आवाज पडतो. तारांना हात लावल्यावर भणभण कमी होत असेल तर आतली अर्थिंग ठीक आहे. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्या क्षणी अ‍ॅम्प बंद कर आणि खोलीच्या सॉकेटची अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे. त्याआधी वाजवायचं नाही. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

नॉब फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि नॉब वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे. मशीनचं तेल नको. जॅकचा (केबल घालतो त्या भोकाचा) पेचाचा नट सैल झाला तर आतला जॅक धरून मगच पाना लाव, नुसता नट फिरवलास तर जॅक गोल फिरून आतली वायर तुटते. अ‍ॅम्पऐवजी ब्लूटूथ स्पीकर वापरू नकोस, बोट आणि आवाज यांत अंतर पडतं आणि ताल बिघडतो.

वाजवून झालं की तारा वरून आणि खालून सुती कापडाने पूस. घामाचं मीठ राहिलं तर मुंबईच्या हवेत महिन्याभरात गंज दिसतो. गिटार बाहेरच्या भिंतीवर टांगू नकोस, त्या भिंतीला ओल असते. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि ओलसर झाल्या की बदल. फिंगरबोर्ड रोझवुडचा आहे, त्याला वर्षातून दोनदा गिटारसाठी मिळणाऱ्या लेमन ऑइलचे चार-पाच थेंब पुरतात, लगेच पुसून काढ. खोबरेल किंवा तिळाचं तेल लावू नकोस, ते चिकट होतं आणि धूळ धरतं.

एवढं करून पंधरा दिवस वाजव. मग मला फ्रेटवरची फट, बाराव्या फ्रेटवरची उंची आणि कुठली तार कुठे बोलत नाही ते लिहून पाठव. तरीही ती बेसूरच राहिली तर नवी घेण्याचं बोलू, आणि ती बघायला जाताना फिलर गेज खिशात घेऊन जा.

तुझी,
आई