सप्ताहाचं लाइव्ह: आधी आवाज, मग चित्र

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

यंदाच्या हरिनाम सप्ताहाची कीर्तनं यूट्यूबवर दाखवायचं काम मंडळाने तुमच्याकडे दिलंय हे कळलं, फार बरं वाटलं. फोनवर सांगितलेलं निम्मं निसटतं, म्हणून सविस्तर लिहिते. आई, लॅपटॉप आणि आवाज तू सांभाळ. बाबा, नेट, वीज आणि साउंडवाला तुमच्याकडे.

जी काही मेहनत घ्याल ती आधी आवाजावर घ्या. चित्र थोडं अंधुक असलं तरी माणसं दोन तास बसून बघतात, पण अभंगाचा चरण कळेनासा झाला की लगेच बंद करतात. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशी किती म्हातारी माणसं फोन उशाशी ठेवून नुसतं ऐकत असतात. त्यांच्यासाठी तर हे सगळं म्हणजे आवाजच आहे.

यूट्यूबचं एक काम आजच करून टाका. चॅनेलला मोबाइल नंबरने व्हेरिफाय करून लाइव्हची परवानगी घ्यायची असते, आणि पहिल्या वेळी ती मिळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. सप्ताहाच्या पहिल्या संध्याकाळी हे लक्षात आलं तर काहीच हातात राहत नाही. लॅपटॉपवरून ओबीएस स्टुडिओ हा प्रोग्रॅम वापरून लाइव्ह करायला सबस्क्रायबरची अट नाही. ओबीएस फुकट आहे, फक्त त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवून घ्या.

आता आवाज. साउंडवाल्याच्या मिक्सरवर 'रेक आउट' किंवा 'टेप आउट' लिहिलेली लाल-पांढरी आरसीए भोकं असतात. तिथून वायर घेऊन लाइन इनपुट असलेल्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये (मिक्सरचा आवाज लॅपटॉपला कळेल असा करून देणारी डबी) आणि ती यूएसबी लॅपटॉपला. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात मिक्सर थेट लावू नका. ते माईकच्या बारीक सिग्नलसाठी असतं, मिक्सरचा जोरदार सिग्नल आत गेला की आवाज फाटतो आणि मग ओबीएसमध्ये कितीही कमी केला तरी फाटलेलाच राहतो. बाबा, साउंडवाला अॅम्प्लिफायरच्या स्पीकर लाइनवरून वायर देतो म्हणाला तर ठाम नाही म्हणा. कर्ण्यांच्या लाइनवर १०० व्होल्टपर्यंत दाब असतो, इंटरफेस आणि लॅपटॉप दोन्ही जळतील.

जोडल्यावर घूं असा आवाज आला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घूं थांबला म्हणजे अर्थिंगचा घोळ आहे. मिक्सर ज्या विजेच्या बोर्डवर आहे त्याच बोर्डवर लॅपटॉपचा चार्जर लावा, तरीही राहिला तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी त्या आरसीए वायरमध्ये घाला. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. तो मुळीच ऐकू नका, ओल्या मंडपात ते जिवावर बेतेल.

आई, ओबीएसच्या सेटिंगमध्ये ऑडिओत जाऊन सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेव, 'डेस्कटॉप ऑडिओ' डिसेबल कर, म्हणजे व्हॉट्सअॅपचं टिंग कीर्तनात वाजणार नाही. 'माईक' म्हणून तो यूएसबी इंटरफेस निवड. खाली मीटरची पट्टी हलेल: उणे २० डेसिबलपर्यंत हिरवी, उणे २० ते उणे ९ पिवळी, त्यापुढे लाल. महाराज निरूपण करत असताना पट्टी पिवळ्यात हवी. पण पातळी 'हॅलो हॅलो माईक टेस्टिंग'वर लावू नकोस. निरूपण शांत चालतं आणि मग एकदम गजर सुरू होतो, पंधरा-वीस टाळ आणि पखवाज एका वेळी. संध्याकाळच्या हरिपाठात टाळ चढतील तेव्हा पातळी लाव. शिवाय त्या माईकच्या फिल्टरमध्ये 'लिमिटर' टाक, थ्रेशोल्ड उणे ६, म्हणजे अचानक चढलेला आवाज फाटणार नाही. 'नॉइज सप्रेशन' मात्र टाकू नकोस. ते माणसाचं बोलणं ठेवतं आणि बाकी सगळं गोंगाट समजून खातं. वीणेचा झंकार, पेटीचा भाता भरून धरलेला स्वर, टाळांची किणकिण, सगळं त्यात जातं.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. मिक्सरमधून फक्त माईकसमोरचे आवाज येतात. टाळकरी आणि समोर बसलेली मंडळी 'विठ्ठल विठ्ठल' म्हणतात ते मिक्सरमध्ये फार थोडं पोचतं, आणि घरी ऐकणाऱ्याला कीर्तन रिकाम्या खोलीत चाललंय असं वाटतं. म्हणून वेबकॅमचा स्वतःचा माईक दुसरा स्रोत म्हणून जोड आणि अगदी खालच्या पातळीवर ठेव, मंडप जाणवेल इतकाच.

कॅमेऱ्याचं चित्र आवाजापेक्षा किंचित उशिरा पोचतं. एका टाळकऱ्याला कॅमेऱ्यासमोर सावकाश टाळ वाजवायला सांग, अर्धा मिनिट रेकॉर्ड कर आणि बघ. टाळ भिडायच्या आधीच ऐकू आला तर 'अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मध्ये मिक्सरच्या आवाजापुढे 'सिंक ऑफसेट' १०० मिलिसेकंद टाक आणि पुन्हा बघ. बहुधा १०० ते २०० च्या दरम्यान जुळतं.

चित्राचं थोडक्यात. कॅन्व्हास आणि आउटपुट दोन्ही १२८० बाय ७२०, फ्रेम सेकंदाला २५. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे वेबकॅमच्या 'कॉन्फिगर व्हिडिओ'मध्ये पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी ५० निवड, नाहीतर ट्यूबच्या उजेडात चित्रावर पट्टे सरकतात. मूर्तीमागे रोषणाई असेल तर कॅमेरा तिला बघून महाराजांचा चेहरा काळा करतो. त्याच 'कॉन्फिगर व्हिडिओ'मध्ये एक्स्पोजरचं (कॅमेरा किती उजेड घेतो त्याचं) ऑटो काढून चेहऱ्यावर बेतून पक्कं कर. महाराजांचं नाव आणि अभंग दाखवायचा असेल तर मराठीत चित्र तयार करून ते टाक, म्हणजे फाँट बदलून जोडाक्षरं मोडायची भीती नाही.

बाबा, नेटचं तुमच्याकडे. मंडपात चारपाचशे फोन एका टॉवरवर आले की मोबाइलचं नेट झोपतं, दुपारी ते कितीही छान चालू दे. देवळाजवळच्या ज्या घरात फायबर आहे त्यांच्या राउटरवरून लॅन केबल ओढून घ्या. १०० मीटरपर्यंत ती व्यवस्थित चालते. विजेच्या वायरींना चिकटून नेऊ नका. स्पीड टेस्ट रात्री कीर्तनाच्या वेळेलाच करा आणि त्यातला अपलोडचा आकडा बघा, डाउनलोडचा आपल्याला उपयोग नाही. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवायचा डेटा, २५०० केबीपीएस ठेवायचाय, तेव्हा अपलोड किमान ५ एमबीपीएस हवा. यूट्यूब ७२० साठी ४००० सुचवतं, पण उभ्या जागी चाललेल्या कीर्तनाला २५०० पुरतात. त्याने तासाला साधारण १.२ जीबी जातो. म्हणजे नाइलाजाने फोनचं हॉटस्पॉट वापरलंत तर रोजच्या २ जीबीच्या पॅकमध्ये दोन तासांचं कीर्तन पुरं होत नाही, ऐन रंगात आल्यावर नेट मंदावतं. त्या वेळी बिटरेट १५०० करा. आणि राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावाच. वीज गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर मात्र बंद पडतो.

यूट्यूब स्टुडिओत सातही दिवसांची लाइव्ह आधीच शेड्यूल करून ठेवा. 'मेड फॉर किड्स'ला 'नाही' द्या, नाहीतर चॅट बंद होतं. 'ऑटो-स्टार्ट' आणि 'ऑटो-स्टॉप' दोन्ही बंद. ऑटो-स्टॉप चालू राहिलं आणि मध्येच नेट गेलं तर यूट्यूब कार्यक्रम संपला असं धरतं, आणि गावाच्या ग्रुपवर पाठवलेली लिंक तिथेच मरते. ते बंद असेल तर नेट आल्यावर ओबीएस आपोआप पुन्हा जोडून घेतं आणि त्याच लिंकवर पुढे चालू राहतं. यूट्यूब स्टुडिओतली 'स्ट्रीम की', म्हणजे आपल्या चॅनेलचा गुप्त कोड, ओबीएसच्या सेटिंगमध्ये 'स्ट्रीम'खाली टाका, कीफ्रेम इंटरव्हल २ सेकंद. ती की ग्रुपवर जाऊ देऊ नका. ती ज्याच्या हाती पडेल तो आपल्या चॅनेलवर काहीही दाखवू शकतो.

कीर्तनाआधी वीस मिनिटं 'स्टार्ट स्ट्रीमिंग' दाब आई, यूट्यूबवर प्रिव्ह्यू दिसला आणि हेडफोनवर आवाज नीट आला की मग 'गो लाइव्ह'. सोबत 'स्टार्ट रेकॉर्डिंग'ही दाब आणि फाइल एमकेव्हीत ठेव. साध्या एमपी४ मध्ये लॅपटॉप अचानक बंद पडला तर अख्खी फाइल वाया जाते, एमकेव्हीत तोवरचं सगळं राहतं.

चालू असताना 'स्टॅट्स'ची खिडकी उघडी ठेव. चित्र अडखळलं तर दोष कुठे आहे ते तिथे दिसतं. 'ड्रॉप्ड फ्रेम्स, नेटवर्क' वाढत असेल तर नेट कमी पडतंय, बाबांना हाक मार. 'एन्कोडिंग लॅग' वाढत असेल तर लॅपटॉप दमतोय. एन्कोडर (चित्र दाबून पाठवण्याजोगं करणारा भाग) सॉफ्टवेअरवर असेल तर दुसऱ्या दिवशी सुरू करण्याआधी तो हार्डवेअरचा निवड. 'रेंडरिंग लॅग' असेल तर ग्राफिक्सवर ताण आहे, ब्राउझर आणि बाकीच्या खिडक्या बंद कर.

महाराज येईपर्यंत साउंडवाला प्रसिद्ध गायकांचे अभंग लावतो, ते लाइव्हमध्ये जाऊ देऊ नका. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण ते रेकॉर्डिंग कंपनीचं असतं. यूट्यूब ते ओळखतं आणि प्रक्षेपण थांबवू शकतं. तेवढा वेळ मिक्सर आणि वेबकॅमचा माईक दोन्ही म्यूट करून 'कीर्तन थोड्याच वेळात' असं चित्र दाखवा.

पसायदान पूर्ण झाल्याशिवाय बंद करायची घाई नको. मग आधी यूट्यूबवर 'एंड स्ट्रीम' आणि त्यानंतर ओबीएसमध्ये स्ट्रीमिंग आणि रेकॉर्डिंग दोन्ही बंद. सात रात्रींचं रेकॉर्डिंग ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर आरामात बसेल, मंडळाकडे एक प्रत देऊन ठेवा. काल्याचं कीर्तन दिवसा आहे, तेव्हा रात्रीच्या दिव्यांवर पक्कं केलेलं एक्स्पोजर त्या सकाळी नव्याने लावावं लागेल. नाहीतर महाराजांच्या पांढऱ्या फेट्याचा नुसता पांढरा डाग दिसेल.

पहिली चाचणी 'अनलिस्टेड' ठेवून करा आणि लिंक मला पाठवा. मी हेडफोन लावून ऐकते आणि लगेच फोन करते.

तुमची,
मनू