पांढऱ्या पट्टीच्या पलीकडचा दीड मीटर

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य

मंत्रिमहोदय, सप्रेम नमस्कार.

अधिवेशन जवळ आलं की आमच्या सिव्हिल लाइन्समध्ये रोलर फिरू लागतो आणि मुंबईची मंडळी निघायच्या तयारीत आहेत हे आम्हा नागपूरकरांना कळतं. १९५३ च्या नागपूर करारानं आम्हाला वर्षाकाठी एक अधिवेशन दिलं, त्याच्यासोबत हे डांबरही आलं. त्याबद्दल काही म्हणणं नाही. हे पत्र डांबर जिथं संपतं तिथून पुढच्या दीड मीटरबद्दल आहे.

मी बावीस वर्षं रस्त्यांच्या कामांवर साइट सुपरवायझर होतो. कंत्राटदाराचं नाव लिहीत नाही; त्यांनी माझं घर चालवलं आणि आता ते हयातही नाहीत. रस्त्याची भाषा मला कळते, आणि पुढे जे लिहिणार आहे त्यातलं थोडं पाप माझ्याही हातचं आहे, एवढं आधीच सांगून टाकतो.

दिवाळी झाली की आमच्या ग्रुपची चार दिवसांची सायकल-सहल ठरलेली असते. यंदा नऊ जण होतो. सर्वांत लहान एकोणीस वर्षांची, इंजिनीअरिंगला असलेली पोरगी, आणि सर्वांत वडील म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एकसष्टीचे काका. पहिल्या दिवशी कामठी, कन्हान, मनसर करत रामटेक. दुसऱ्या दिवशी तुमसर, मोहाडीवरून भंडारा. तिसऱ्या दिवशी अड्याळवरून पवनी. चौथ्या दिवशी भिवापूर, उमरेड आणि घर. सगळे मिळून अडीचशेच्या वर किलोमीटर. गाडीनं हे एका दिवसात आटपतं, पण कापलेल्या धानाचा वास गाडीच्या काचेतून आत येत नाही.

तो वास काय असतो हे आपल्याला सांगायला हवं. सकाळी सहाला दव पडलेलं असतं, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या असतात आणि ओल्या तणसाचा गोडसर, किंचित आंबूस वास रस्त्यावर उतरलेला असतो. भंडाऱ्याला तळ्यांचा जिल्हा म्हणतात. दर दोन गावांआड एक मामा तलाव लागतो. (मामा म्हणजे कोणाचा मामा नव्हे, माजी मालगुजारी, जुन्या मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या काळातला. आमच्यातल्या पुण्याच्या पाहुण्यानं दोन दिवस मनात ठेवून तिसऱ्या दिवशी विचारलं.) एका तलावाच्या पाळीवर शिंगाडे उकडून विकायला बसलेल्या बाईकडून आम्ही दोन किलो शिंगाडे घेतले आणि तिथंच बसून संपवले. पवनीच्या अलीकडे एका गावात मंडई होती. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई भरते, दिवसा दंडार हा लोकनाट्याचा खेळ आणि रात्री नाटक. आमच्यातले तिघं नाटकाला बसले ते पहाटेच उठले, आणि चौथ्या दिवशी प्रत्येक चढाला सायकल हातात धरून आले.

मोहाडीच्या अलीकडे एका टपरीवर चहा घेत होतो. बाजूला बसलेल्या म्हाताऱ्यानं सगळ्या सायकली न्याहाळल्या आणि विचारलं, "गाड्या नाही का जी तुमच्याजवळ?"

"आहेत ना."

"मंग काहाले तंगड्या तोडता?"

पोरगीनं त्यांना समजावून सांगितलं, की आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ आहेत, त्यांनी २०१७ साली सायकलवर एकट्यानं अख्खी अमेरिका पार केली, या काठापासून त्या काठापर्यंत. म्हाताऱ्यानं बशीतला चहा संपवला. "तिकडं साइड भरली असंन जी," एवढंच ते म्हणाले.

मंत्रिमहोदय, बावीस वर्षांत माझ्या कामावर इतकी नेमकी तपासणी कोणी केली नाही.

साइड म्हणजे साइडपट्टी. पांढऱ्या रेघेच्या बाहेरची, मुरमाची. आपल्या गाडीतून ती दिसत नाही, कारण आपल्या गाडीला तिची गरज पडत नाही. सायकलवाल्याचं सगळं आयुष्य त्या रेघेवर चाललेलं असतं. मागून टिप्परचा हॉर्न आला की त्याला एका क्षणात ठरवावं लागतं, डांबरावर राहायचं की खाली उतरायचं. साइडपट्टी डांबराच्या बरोबरीनं भरलेली असेल तर प्रश्नच नाही. ती खाली गेलेली असेल तर पुढचं चाक कडेवरून घसरतं, आणि घसरलेलं चाक परत वर घेताना कडेला घासून सायकल आडवी होते. आडवी होते ती आतल्या बाजूला, म्हणजे टिप्परकडे.

दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला शाळेच्या मुली भेटल्या. दहा-बाराजणी, दोघी-दोघी जोडीनं, दप्तरं कॅरिअरला, एकीच्या बास्केटमध्ये डब्याशेजारी झेंडूची फुलं. मागून ट्रक आला. मुलींनी बोलणं न थांबवता सायकली डावीकडे वळवल्या, कडेशी ब्रेक मारला, एक पाय खाली टेकवला आणि सायकल हातानं उचलून मुरमात ठेवली. ट्रक गेला. सायकल पुन्हा उचलून डांबरावर ठेवली आणि पुढचं वाक्य पूर्ण केलं. पुढच्या दोन किलोमीटरमध्ये त्यांनी हे पाच वेळा केलं. आम्ही महागडी हेल्मेटं घातलेली माणसं मागून बघत होतो.

त्यातल्या एकीला विचारलं. सायकल सरकारी योजनेतून मिळालेली, नववीत आहे, शाळा साडेचार किलोमीटर. "पडलीस का कधी?" म्हटल्यावर तिनं कोपर दाखवलं आणि हसली. तिच्या मैत्रिणीनं गुडघा दाखवला.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकल मिळते, शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर. फार चांगली योजना आहे, मनापासून सांगतो. पण सायकल देणाऱ्या फायलीत रस्ता नाही आणि रस्त्याच्या फायलीत सायकल नाही.

सुपरवायझरची खोड जात नाही, माझ्या खिशात अजून टेप असतो. मुली गेल्यावर मी उतरून कड मोजली. ९ सेंटीमीटर. शंभर पावलं पुढे १२. त्याच्यापुढे मोजायचं सोडून दिलं. हा रस्ता कुठला ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तेवढ्या किलोमीटरवर मुरूम पडेल आणि विषय संपेल.

आता ही १२ सेंटीमीटरची कड होते कशी ते सांगतो. रस्ता नवा करायचा म्हणजे आपण जुन्यावर नवा थर चढवतो. ५० मिलिमीटरचं बीबीएम म्हणजे खडी-डांबराचा खालचा थर, त्यावर २० मिलिमीटरचं कार्पेट म्हणजे वरचा बारीक थर, झाला रस्ता सात सेंटीमीटर उंच. दोन फेऱ्या झाल्या की चौदा. दर वेळी साइडपट्टीही तेवढीच उचलायची असते, मुरूम टाकून, पाणी मारून, रोलरनं दाबून. एस्टिमेटमध्ये तो आयटम असतोच. पण साइडपट्टी हे कामाच्या शेवटाला येणारं काम. तोवर डांबर झालेलं असतं, फोटो निघालेले असतात, मशीन दुसऱ्या साइटवर हलवायची घाई असते. शंभर ट्रिपा मुरूम लागतो तिथं साठ येतो. एमबीवर, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, शंभर चढतात. मी चढताना पाहिल्या आहेत आणि गप्प बसलो आहे. साठातला मुरूमही नुसता पसरून दिलेला असतो, दबाई न करता. पहिल्याच पावसात तो नाल्यात जातो, आणि त्याच्यासोबत पुरावाही जातो. डांबर उखडलं तर वर्तमानपत्रात फोटो येतो. वाहून गेलेल्या मुरमाचा फोटो काढणार कसा?

नुकसान फक्त सायकलवाल्याचं होतं असंही नाही. कड उघडी पडली की पावसाचं पाणी बाजूनं आत शिरतं, खडी सुटते, डांबर कुरतडलं जातं आणि पावणेचार मीटरचा गावरस्ता तीन-चार पावसाळ्यांत तीन मीटरचा होतो. मग समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांपैकी एकीला खाली उतरावंच लागतं. मुरमात वाचवलेला पैसा डांबरात दामदुपटीनं जातो.

तिसऱ्या दिवशी आमचे काका पडले. वळणावर रस्त्याच्या अर्ध्या भागात धान वाळत घातलं होतं, भोवती दगड मांडलेले. समोरून टिप्पर आला, काका डावीकडे झाले, पुढचं चाक कडेवरून खाली गेलं. टिप्पर थांबला नाही. काकांचं मनगट मोडलं आणि कपाळाला चार टाके पडले. ज्यांचं धान होतं त्या शेतकऱ्यानंच छोटा हत्ती काढला, काकांना तालुक्याच्या गावी नेलं आणि पैसे घेतले नाहीत. वाटेत तो सारखा म्हणत होता, "माह्यामुळं झालं जी, माह्यामुळं झालं." त्याच्यामुळे झालं नाही. त्याच्या गावात सपाट, कोरडी, स्वच्छ जागा एकच आहे आणि ती म्हणजे आपण बांधलेला रस्ता. माझं पत्र वाचून कोणी त्या शेतकऱ्यांना दंड लावायला निघणार असेल तर हे पत्र इथंच फाडून टाकावं.

पहिल्या दिवशी मनसरला आम्ही उजवीकडे रामटेकला वळलो. सरळ गेलो असतो तर पेंचच्या जंगलातून खवासाकडे जाणारा महामार्ग लागला असता. तिथं वाघ, चितळ, रानडुकरांना जाता यावं म्हणून रस्ता वर उचलून खालून नऊ वाटा ठेवल्या आहेत, त्यांतली सर्वांत लांब ७५० मीटरची. तो महामार्ग आपल्या खात्याचा नाही हे मला ठाऊक आहे. पण आपल्या नागपूर जिल्ह्यात एका रस्त्याचा नकाशा काढताना कोणीतरी बसून विचार केला की चितळ इथून कसं जाईल, आणि तो विचार डांबर-काँक्रीटमध्ये उतरला. नववीतली मुलगी इथून कशी जाईल, एवढाच प्रश्न त्याच टेबलावर एकदा यावा असं मला वाटतं.

मागणं फार मोठं नाही. रंगवलेले सायकल ट्रॅक आम्हाला नकोत. वरच्या थराचं शेवटचं बिल साइडपट्टी डांबराच्या पातळीला आल्याशिवाय निघू नये, आणि ती पातळी एक पावसाळा गेल्यावर पुन्हा टेपनं मोजली जावी. दोष दायित्वाच्या मुदतीत, म्हणजे काम झाल्यावर दुरुस्ती कंत्राटदाराकडेच असते त्या काळात, खड्डे बुजवायला कंत्राटदाराला बोलावता, तसंच वाहून गेलेल्या मुरमासाठीही बोलवा. पोराटोरांनाही मोजता येईल इतकं सोपं माप आहे हे. आणि जिथं शाळा आहे तिथं, शाळेच्या दोन्ही अंगांना पाच-पाच किलोमीटर, मुरमाऐवजी दीड मीटर पक्की पट्टी द्या. दोन पदरी राष्ट्रीय महामार्गाला सात मीटर डांबराच्या दोन्हीकडे अशी दीड-दीड मीटर धरून दहा मीटरचा रस्ता करायची रीत आहेच. ती जिल्हा मार्गावर निदान शाळेपुरती उतरवा. निधीचं कारण मी साइटवर बसून पुष्कळ ऐकलं आहे, म्हणून अख्ख्या रस्त्याला मागत नाही.

रम्बलरचंही एक आहे. गावाच्या तोंडाशी पांढऱ्या जाड पट्ट्यांचे पाच-सहा थर या काठापासून त्या काठापर्यंत मारलेले असतात. दोन्ही टोकांना दोन-दोन फूट मोकळे सोडायला सांगा. त्यातून मोटारसायकलवालेही निसटतील, निसटू देत. मागच्या सीटवर गरोदर बाई बसलेली असते कधी कधी.

विश्रामगृहांत सायकलवाल्यांना खोली मिळावी वगैरे लिहायचं मनात होतं. ते राहू द्या. रामटेकला आम्ही धर्मशाळेत झोपलो आणि मजेत झोपलो.

अधिवेशनाच्या काळात आपला मुक्काम रविभवनात असेल असं धरून चालतो. मधल्या रविवारी सकाळी सहाला मी आणि आमच्यातले दोघं-तिघं तिथल्या फाटकाशी येऊन थांबू. उमरेड रोडनं शहराबाहेर पडायचं, दहा-बारा किलोमीटर जायचं, तर्री-पोहे खायचे आणि परत. नऊच्या आत आपण चहाला परत असाल. माझ्याकडे एक जास्तीची सायकल आहे, बिनगिअरची, सीट खालीवर होते. टायरमध्ये हवा भरून ठेवतो. आपल्या अंगरक्षकांपैकी एकाला तरी सायकल चालवता आली पाहिजे, एवढं मात्र कार्यालयाला कळवावं. टेप मी आणतो.

आपला,
एक निवृत्त साइट सुपरवायझर
नंदनवन, नागपूर

ता. क. काकांचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघतंय. पुढच्या दिवाळीला नवेगावबांध करू म्हणतात. काकूंना अजून सांगितलेलं नाही.