स्टिरिओ बदला, पण गाडीच्या तारा कापू देऊ नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या गाडीतला कंपनीचा स्टिरिओ काढून नवा बसवून देणारी कार डेकोरची दुकानं नाशिकमध्ये आता कुठल्याही मोठ्या रस्त्यावर सापडतात. सेट कुठला घ्यावा, स्क्रीन केवढी असावी, किती पैसे पडतील यावर सगळे भरभरून बोलतात. डॅशबोर्डच्या मागे तारा कशा जोडल्या जातात हे मात्र कुणी वाकून बघत नाही. मी बघितलं, म्हणून हे पत्र.

बघण्याचं कारण असं की माझी सगळी नोकरी अंबडला कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात वायरिंगच्या टेबलावर गेली. सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. तारेच्या प्रत्येक टोकाला लग, म्हणजे दाबून बसवलेलं धातूचं टोक, आणि फेरूल, म्हणजे नंबराची नळी, असल्याशिवाय आमचं पॅनेल तपासणीला जात नसे. जोड ओढून बघितल्यावर निसटला की मी पोरींना सगळी रांग पुन्हा करायला लावायची. पाठीमागे मला काय म्हणत असतील ते मला माहीत आहे.

आमची गाडी २००९ सालची लोगन, आपल्या सातपूरच्याच कारखान्यात जोडलेली. पंधरा वर्षं भरल्यावर पेठ रोडच्या आरटीओत हेलपाटे घालून पुढच्या पाच वर्षांची नोंदणी करून घेतली. इंजिन ठणठणीत आहे, पण सीडीवाला स्टिरिओ मुका झाला होता. त्यात आमच्या ह्यांना गाडी चालवताना फोन कानाला लावायची खोड. ब्लूटूथवाला सेट आला तर निदान दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतील, एवढाच माझा हिशेब होता.

दुकानातल्या पोराने फटीत दोन पट्ट्या सारून जुना सेट बघता बघता बाहेर ओढला. हात सफाईदार, त्यात वाद नाही. सेटच्या पाठीला दोन प्लग होते, एक विजेचा आणि एक स्पीकरचा. ते नुसते उपसायचे सोडून त्याने कटर उचललं आणि तारांचा अख्खा झुबका मुठीत धरला. मी म्हटलं, “अरे थांब, कापतोस कशाला?” तर म्हणाला, “काकू, नव्या सेटचा प्लग वेगळा असतो. आम्ही सगळ्यांच्या कापूनच जोडतो.” शेजारच्या गाडीत दुसऱ्या पोराचं तेच चाललं होतं. तारेचं टोक दातात धरून वरचं आवरण ओढायचं, दोन टोकं एकमेकांवर पिळायची, वर काळी टेप गुंडाळायची आणि सगळं गाठोडं आत कोंबून सेट ढकलून द्यायचा.

दातांनी सोलताना आवरणाबरोबर आतले तांब्याचे तंतूही तुटतात. म्हणजे तार तिथे बारीक झाली आणि प्रवाह मात्र तेवढाच राहिला. पिळलेला जोड आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांनी सैल होत जातो, सैल जोड तापतो. आणि टेपचं म्हणाल तर एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डला हात लावून बघा. त्या उष्म्यात टेपचा गोंद पाघळतो आणि टेप आपोआप उलगडते. एक उघडी तार पत्र्याला टेकली की पुढचं सांगायला नको.

यावर उपाय आहे आणि तो महागही नाही. कपलर नावाची वस्तू मिळते. तिच्या एका बाजूला गाडीच्या मूळ प्लगमध्ये बसणारं तोंड, दुसऱ्या बाजूला नव्या सेटकडे जाणाऱ्या तारा. गाडीची एकही तार कापावी लागत नाही आणि उद्या जुना सेट परत लावायचा झाला तर प्लग खोचला की काम संपलं. सेटची खाच तर ठरलेल्या मापाचीच असते. डिन हे मूळ जर्मन माप, एका डिनचं तोंड १८० बाय ५० मिलिमीटर आणि डबल डिन १८० बाय १००. प्लगचं तसं नाही. युरोपीय गाड्यांमध्ये बहुतेक आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचे प्लग असतात, मारुती, ह्युंदाई, टोयोटा यांचे आपापले. तरी जास्त खपणाऱ्या गाड्यांची कपलरं बाजारात आहेत आणि साधं कपलर तीन-चारशे रुपयांत येतं. दुकानदार मला आधी म्हणाला, मिळत नाही. मी खुर्चीवरून उठत नाही असं दिसल्यावर त्याने ड्रॉवरमधून काढून दिलं. “मॅडम, कोणी मागतच नाही,” म्हणाला. हे मात्र त्याचं खरं असावं.

तारांच्या रंगांचा घोळ आणखी वेगळा. नव्या सेटच्या बाजूला रंग बहुधा ठरलेले असतात. पिवळी तार थेट बॅटरीची, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवणारी. लाल तार किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी. काळी अर्थिंगची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जाणारी. निळी अँटेनाच्या बूस्टरची. स्पीकरच्या पांढरी, करडी, हिरवी, जांभळी अशा जोड्या. गाडीच्या बाजूला मात्र प्रत्येक कंपनीचे रंग निराळे, त्यामुळे रंगाला रंग जुळवून जोडणं म्हणजे अंदाजपंचे. काही गाड्यांत तर कपलर लावूनही पिवळी आणि लाल यांच्या जागा उलट येतात. व्होल्ट मोजायचा मीटर लावून बघायला मिनिटसुद्धा लागत नाही. किल्ली काढल्यावर जिच्यावर बारा व्होल्ट राहतात ती बॅटरीची. त्या दुकानात मीटर होता, पण त्याचा सेल संपलेला होता.

आमच्या सोसायटीत एका गाडीचं घड्याळ प्रत्येक वेळी किल्ली फिरवली की बारावर जातं आणि आकाशवाणी नाशिकचं १०१.४ पुन्हा शोधावं लागतं. तिथे पिवळी तार किल्लीच्या लाइनवर गेली आहे, दुसरं काही नाही. दुसऱ्या एकांच्या गाडीत लाल आणि पिवळी एकत्र पिळून थेट बॅटरीवर दिली होती. किल्ली काढली तरी सेट आतून जागाच. ते आठवडाभर गावी गेले की परत आल्यावर गाडी ढकलायला आम्ही सगळे खाली. त्यांनी बॅटरी बदलली, नवीही उतरली. तारा सरळ केल्यावर तक्रार थांबली.

याहून वाईट म्हणजे फ्यूज. पिवळ्या तारेवरची फ्यूजची डबी मागे कोंबताना आड येते म्हणून कापून टाकलेली मी पाहिली आहे. दहा अँपिअरचा फ्यूज उडाला की तिथे तीसचा घालून मोकळे होणारेही आहेत. फ्यूज तारेला जळण्यापासून वाचवण्यासाठी असतो. तार तीच ठेवून फ्यूज तिप्पट केला तर आधी तार जळेल आणि फ्यूज शाबूत राहील. डिकीत अ‍ॅम्प्लिफायर ठेवणाऱ्यांनी तर बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज आहे ना, आणि बोनेटमधून आत येणाऱ्या तारेला पत्र्याच्या भोकात रबराचं ग्रोमेट, म्हणजे कडेने तार कापू नये म्हणून बसवलेली कडी, आहे ना, हे स्वतः बघावं. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तारेला कुणीच वाली नसतो.

खोक्यावरच्या “५० वॅट गुणिले ४” वर फार जाऊ नका. दहा अँपिअरचा फ्यूज आणि इंजिन चालू असतानाचे १४.४ व्होल्ट, गुणाकार १४४ वॅट येतो. त्यातून सलग दोनशे वॅट कुठून निघणार?

आता दुकानदार आपण होऊन देतात त्या भेटीविषयी. मला आधी मोठ्या स्क्रीनचा सेट दाखवला आणि सांगितलं, “गाडी चालू असतानाही व्हिडिओ दिसेल, त्याचे वेगळे पैसे नाहीत.” अशा सेटला एक तार हँडब्रेकच्या स्विचला जोडायची असते, हँडब्रेक ओढलेला असेल तरच चित्र दिसावं म्हणून. दुकानात ती तार थेट बॉडीला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला, मारून देतात. सेटची समजूत होते की गाडी कायम उभीच आहे. मोटार वाहन चालनाच्या २०१७ च्या विनियमांनुसार चालकाने गाडी चालवताना व्हिडिओ पाहायला मनाई आहे, सूट फक्त रस्ता दाखवणाऱ्या नकाशापुरती. द्वारकेच्या चौकात चहूबाजूंनी गाड्या अंगावर येत असताना चालकाच्या नजरेसमोर सिनेमा चालू ठेवण्याची सोय हे दुकानदार फुकट करून देतात आणि गिऱ्हाईक खूश होऊन बाहेर पडतं! मी बटणं आणि आवाजाची गोल कळ असलेला साधा सेट घेतला. कळ न बघता फिरवता येते.

माझा रोख त्या पोरांवर नाही. त्यांना घाई असते, शिकवलेलं कुणी नसतं आणि वायर सोलायचं साधं स्ट्रिपरसुद्धा मालक हातात देत नाही. आरटीओने यासाठी आणखी एक कागद वाढवावा असंही मी म्हणणार नाही, आपल्याकडे कागद वाढला की एजंट वाढतो. पण सातपूरच्या शासकीय आयटीआयने गाडीतल्या वायरिंगचा रविवारचा छोटा वर्ग घ्यायला काय हरकत आहे? क्रिम्पिंग म्हणजे लग दाबून पक्का करणं, हीट श्रिंक स्लीव्ह म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी जोडावर चढवणं आणि मीटर वापरणं एवढंच शिकवलं तरी पुष्कळ झालं. आणि गाडीमालकांनी बिलावर “कपलरसह, गाडीची तार न कापता, फ्यूजसह” हे शब्द लिहून मागावेत. सेट आत ढकलण्याआधी थांबवून जोड डोळ्यांनी बघावेत, एखादा ओढूनही बघावा. दुकानदार चिडला तर चिडू द्या.

कुणा दुकानदाराला आपल्या पोरांना नीट जोड करायला शिकवायचं असेल तर मी येऊन शिकवीन, पैसे नकोत. लग, स्लीव्ह आणि स्ट्रिपर त्यांनी आणून ठेवावेत. माझं नाव-पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, तो पत्रासोबत छापू नये ही विनंती.

आपली,
एक निवृत्त वायरिंग सुपरवायझर
इंदिरानगर, नाशिक