‘बाबा आल्यावर सांगते’ का चालत नाही?

संपादक महोदय,

मुलांच्या मोबाइलच्या हट्टावर बोलणं निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘ओरडून पाहिलं, मारूनही पाहिलं, काही फरक नाही.’ फरक का नाही, हे जेवणाच्या ताटाशीच दिसतं. मूल मोबाइल मागतं, घरातलं मोठं माणूस नाही म्हणतं. मूल रडतं, ताट सरकवतं, आवाज शेजारी जाऊ लागला की मोबाइल हातात पडतो. रडं थांबतं.

इथे दोघंही शिकले. आवाज चढवला की मोबाइल मिळतो, हे मूल शिकलं. मोबाइल दिला की कटकट थांबते, हे मोठं माणूस शिकलं. नकोसं काही थांबल्याने वागणं पक्कं होतं, या दुसऱ्या प्रकाराला ऋण प्रबलन म्हणतात; हवं ते मिळाल्याने पक्कं होतं, ते धन प्रबलन. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा असं सर्रास लिहिलं जातं, ते चूक आहे. प्रबलन धन असो वा ऋण, त्याने वागणं वाढतंच.

कधी द्यायचा, कधी नाही, हे तर सर्वांत वाईट. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष १९५७ मध्ये प्रसिद्ध केले. किती टोच्यांनंतर दाणा पडेल याचा नेम नसला की कबुतर टोचतच राहतं. ‘आज एकदाच हं’ म्हणणाऱ्या घरात नेमकं हेच होतं.

म्हणून जेवताना मोबाइल बंद असं ठरलं, तर ते आजी-आजोबांसकट सगळ्यांनी पाळावं. पहिले काही दिवस रडं कमी न होता वाढू शकतं. याला विलोपनाचा उद्रेक म्हणतात (विलोपन म्हणजे फळ मिळणं बंद झाल्याने वागणं ओसरणं). तिथे माघार घेतली, तर मूल आणखी मोठ्याने रडायला शिकतं. त्यामुळे पाहुणे यायच्या आठवड्यात सुरुवात करू नये. न रडता पहिला घास घेतला की त्याच क्षणी सांगावं : ‘पोळी स्वतः खाल्लीस, छान.’ नुसतं ‘शहाणं बाळ’ म्हटल्याने नेमकं काय बरोबर केलं ते कळत नाही. सुरुवातीला दर वेळी कौतुक करावं, सवय लागली की हळूहळू विरळ करावं.

मात्र जे मूल आवडीने करतं, त्याला बक्षिसाची लालूच नको. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात, चित्रं काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असं आधी सांगितलेली बालवाडीतली मुलं नंतर आपणहून कमी वेळ चित्रं काढू लागली.

शिक्षा करायचीच, तर छोटी, लगेच आणि दर वेळी. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजणारा प्रयोग लोकांसमोर आणला. परिणाम तिथल्या तिथे, हे त्याचं बळ. हॉर्न न वाजवणाराही अडकतो, हा त्यातला दोष; एकाच्या खोडीपायी दोन्ही भावंडांना बसवून ठेवण्यासारखा. याउलट ‘बाबा आल्यावर सांगते’ यात बाबा लोकलने घरी पोहोचेपर्यंत मूल निमूट चित्र रंगवत असतं, आणि ओरडा त्या रंगवण्याला बसतो. माराने वागणं दबतं ते मारणारा समोर असेपर्यंत. त्याऐवजी काय करायचं, ते मार शिकवत नाही. शाळेत तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला बंदीच आहे.

पालकांनी दोन आठवडे रोज किती मिनिटं रडं चाललं ते कॅलेंडरवर लिहावं. उद्रेक ओसरतोय का ते दिसेल, आणि मध्येच कोणत्या दिवशी कुणी मोबाइल दिला तेही.

– एक बालसमुपदेशक, दादर, मुंबई