पेडल चालू झालंय, नवं मागवू नकोस

घणसोली,
रविवार, दुपार

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी रात्री तुझा मेसेज आला. तुझ्या त्या ट्रॅक्टरच्या गेमसाठी स्टीअरिंग-पेडलच्या नव्या सेटची लिंक, साडेचौदा हजार किंमत, आणि खाली "बाबा, सेल रविवारी रात्री बारापर्यंतच आहे". मी नुसतं "थांब, लिहितो" एवढंच कळवलं. फोनवर बोललो असतो तर दोन मिनिटांत नको म्हणालो असतो आणि बाबांना हा गेमच आवडत नाही असं तू धरून बसला असतास. तसं नाहीये. म्हणून आज कागद घेऊन बसलो. पत्र पोचेपर्यंत सेल संपलेला असेल, त्याला माझा इलाज नाही.

आधी कामाचं. तुझा जुना सेट चालू झाला. शुक्रवारी सेकंड शिफ्ट नव्हती, तेव्हा हॉलमध्ये पेपर अंथरून पेडल उघडलं. खालून सहा स्क्रू आहेत. दोन रबराच्या पायांखाली लपलेत, ते काढल्याशिवाय पत्रा सुटत नाही. आत बघितलं तर प्रत्येक पेडलला एक छोटा पोटेन्शिओमीटर आहे. आमच्या कंपनीत त्याला नुसतं पॉट म्हणतात. पाय दाबला की तो फिरतो आणि किती फिरला ते कॉम्प्युटरला कळतं. तुझ्या ॲक्सिलरेटरच्या पॉटमध्ये धूळ बसली होती. मीटर लावून हळूहळू फिरवला तर आकडा सरळ चढायच्या ऐवजी मध्येच उड्या मारत होता. ट्रॅक्टर आपोआप पळतो म्हणून तू वैतागायचास, ते यामुळे. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे मारले, वीसेक वेळा इकडून तिकडे फिरवला, पुन्हा मीटर लावला. आकडा शेवटपर्यंत गुळगुळीत चढला. क्लीनर घरात होताच, त्यामुळे खर्च काही नाही. क्लचची स्प्रिंग मात्र दमलीय, ती बदलावी लागेल. मापाची स्प्रिंग मी रबाळ्याच्या दुकानातून आणून ठेवली आहे.

खरं म्हणजे ती क्लच पहिल्या दिवसापासूनच सैल होती. आठवतं ना? दिवाळीच्या सेलमध्ये मागवला होता, तू बारावीत होतास. परत करायला सात दिवस होते. विकणाऱ्याने आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ, मग "आमची टीम संपर्क करेल". त्यात आठवा दिवस उजाडला आणि परत करायचं बटणच गायब झालं. मी तेव्हा गप्प बसलो, ते चुकलंच. नंतर माहिती काढली. ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम २०२० सालापासून आहेत. अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात निकाल लावावा लागतो. तरीही दाद लागली नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक असावं. यापुढे काहीही मागवलंस तर खोका उघडतानाच शूटिंग करायचं आणि वस्तू त्याच दिवशी पूर्ण चालवून बघायची. नंतर बघू म्हणून कपाटात ठेवायची नाही.

आता गेमबद्दल. तू गेल्यापासून मी तो दोनदा लावून बघितला. रागावू नकोस, तुझ्या सेव्हला हात लावलेला नाही, वेगळं शेत सुरू केलं. स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरने २००८ साली फार्मिंग सिम्युलेटर पहिल्यांदा काढला तेव्हापासून त्यात खऱ्या कंपन्यांची खरी यंत्रं येत गेली, हे तूच मला सांगितलं होतंस. २०१८ साली निघालेल्या आवृत्तीत जॉन डिअर कंपनीचे ट्रॅक्टर आले तेव्हा तू शाळेत होतास आणि तीन दिवस दुसरा विषय नव्हता. फेन्ट, क्लास, मॅसी फर्ग्युसन ही नावं या घरात तुझ्यामुळे आली. तुझ्या आईला अजून वाटतं की क्लास म्हणजे शिकवणी. बारावीनंतर तू कॉम्प्युटर सोडून कृषी अभियांत्रिकीला दापोलीला जायचं म्हणालास तेव्हा नातेवाईक काय काय बोलले ते तू ऐकलंयस. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. तुला बोललो नव्हतो, आज लिहून टाकतो.

पण त्या गेममधली एक गोष्ट मला खटकली. ट्रॅक्टर झिजला की वर्कशॉपसमोर नेऊन उभा करायचा, बटण दाबायचं, पैसे वजा होतात आणि ट्रॅक्टर नव्यासारखा. काय झिजलं, का झिजलं, कोणी उघडलं, काही नाही. मी सत्तावीस वर्षं मेंटेनन्सला आहे. माझं सगळं काम त्या बटणाच्या आत आहे. तू इंजिनियर होणार आहेस, म्हणून तुला त्या आतलं दिसावं असं मला वाटतं.

जॉन डिअरचंच घे. ज्याच्या नावाची ही कंपनी, तो मूळचा लोहार. अमेरिकेत इलिनॉयची काळी माती ओतीव नांगराला चिकटायची, चार पावलांवर थांबून खरवडत बसावं लागायचं. १८३७ साली त्याने करवतीच्या तुटक्या पात्याचं पोलाद घासून गुळगुळीत केलं आणि त्याचा नांगर केला. माती आपली आपण सुटायला लागली. ट्रॅक्टर फार पुढचे. त्या कंपनीने वॉटर्लूचा ट्रॅक्टर कारखाना विकत घेतला तो १९१८ साली, तोवर ती मुख्यतः नांगर आणि शेतीच्या अवजारांची कंपनी होती.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईत व्हीजेटीआयला शिकवायचे, तिथून बेळगावला जाऊन सायकलचं दुकान काढलं, मग कडबा कापायचं यंत्र केलं आणि लोखंडी नांगर केला. तो कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष उतरतं अशी लोकांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत माणूस काय करत असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. पुढे औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, तिथे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. कधी सांगलीकडे गेलास तर तिथे उतर.

आणि आता बघ. ज्याने शेतकऱ्याची माती खरवडायची कटकट संपवली त्याच्याच नावाच्या कंपनीवर जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाने दावा लावला. म्हणणं असं की ट्रॅक्टरमधला बिघाड पूर्ण शोधून काढायचं सॉफ्टवेअर कंपनी फक्त स्वतःच्या डीलरना देते, त्यामुळे शेतकऱ्याला आणि गावच्या मेकॅनिकला हात चोळत बसावं लागतं. कंपनीने हे नाकारलं. पण मला त्या शेतकऱ्याचं दुःख लगेच कळलं. आमच्या पॅकिंग लाइनवर एक बाहेरची मशीन आहे, तिच्या पॅनलला पासवर्ड आहे. सेन्सर बिघडलाय हे मला डोळ्यांना दिसतं, नवा सेन्सर माझ्या खिशात असतो, आणि तरी पुण्याहून माणूस येईपर्यंत लाइन बंद ठेवून उभं राहावं लागतं. आपल्या सरकारनेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टल काढलं, त्यात शेतीची अवजारं आहेत. तुमच्या कॉलेजात यावर कोणी बोलत असेल तर नीट ऐक.

तू डाउनलोड करून घेतोस त्या गेमचंही तेच आहे हे मला परवा समजलं. स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर पैसे भरायच्या पानावर लिहिलेलं असतं, तुम्ही परवाना घेताय. ऑक्टोबर २०२४ पासून ते तसं उघड सांगतात. म्हणजे पैसे भरूनही वस्तू आपल्या कपाटात येत नाही. घेऊ नकोस म्हणत नाही. काय घेतोयस ते वाचून घे.

मी हे इतकं का लिहितोय ते आता सांगतो. आपल्या बिल्डिंगपासून खाडीकडे जाताना पामच्या झाडांची रांग लागते, तिथे तुझ्या आजोबांचं भाताचं शेत होतं. ते मी तुला नुसतं हात करून दाखवलंय, कधी नीट सांगितलं नाही. बाहेरून बांध, बांधाला उघाडी, म्हणजे पाण्याची झडप. भरतीला उघाडी आपोआप मिटायची, ओहोटीला आतलं पाणी बाहेर जायचं. खारं पाणी आत आलं की तीन वर्षं पीक नाही, म्हणून पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन बांधावर फेरी असायची. बांध फुटला तर कोणाला बोलवायचं नाही, गावातले सगळे आपण होऊन चिखलात उतरायचे. लाकडी नांगर, त्याला लोखंडी फाळ. पावसाच्या आधी फाळ शेवटून, म्हणजे लोहाराकडून धार काढून, आणायचा आणि तो आणायला मला पाठवायचे. लोहार फाळ लाल करून ठोकायचा, पाण्यात बुडवला की चर्र आवाज यायचा आणि मी दोन पावलं मागे सरायचो. घरी आलो की आजोबा अंगठा धारेवरून आडवा फिरवून बघायचे. पसंत पडला नाही तर मला परत पाठवायचे.

नवी मुंबई वसवायला सिडको १९७० साली आली. कागदावर जमीन गेली तरी काम सुरू होईपर्यंत आजोबा कसत राहिले. १९८४ ला जासईला जमिनीच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच माणसं गेली. आंदोलनाचे पुढारी दि. बा. पाटलांच्या मागे अख्खा समाज उभा राहिला म्हणून गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळाले, आणि त्यातूनच आपलं हे घर आहे. मी यावर कडवट बोलणार नाही. या घरातून तू शिकतोयस. पण आजोबांच्या हातात फाळ होता, लोहार गावात होता, आणि बिघडलेलं सगळं त्यांना समजत होतं. ते मला थोडं मिळालं, मशीनच्या रूपाने. तुलाही मिळावं.

दापोलीला तुमच्या विद्यापीठाकडे पॉवर टिलर असतील. कोकणातल्या एवढ्याएवढ्याशा खाचरांत मोठा ट्रॅक्टर वळतच नाही, चिखलणीला तोच कामाचा. तिथल्या वर्कशॉपमध्ये जो कोणी मेकॅनिक असेल त्याच्याशी ओळख कर. परीक्षेला असो नसो, त्याच्याकडून एकदा टिलरचा क्लच उघडून घे आणि दुसऱ्यांदा स्वतः उघड. हात काळे होऊ देत. स्टीअरिंगच्या सेटचे साडेचौदा हजार मी देत नाही, पण चांगल्या पान्यांचा सेट आणि एक मल्टिमीटर घ्यायचा असेल तर सांग, त्याच दिवशी पैसे टाकतो. पाने ऑनलाइन घेऊ नकोस. दुकानात जाऊन हातात घे, जबडा बोल्टवर बसवून बघ.

आणि पनवेलला तुमच्याच विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे. खाऱ्या जमिनीत तग धरणारे पनवेल १, २, ३ हे भाताचे वाण तिथले. सुट्टीला आलास की आपण दोघं जाऊ. मी इतकी वर्षं पनवेलला ये-जा करतो आणि कधी आत गेलो नाही.

तुझी आजी बरी आहे. गुडघा दुखतो, बाकी ठीक. मी गेम लावला होता तेव्हा ती शेजारी येऊन बसली. फार्मिंग सिम्युलेटर २५ या आवृत्तीत भाताची खाचरं आणि लावणीचं यंत्र आलंय ते तिला दाखवलं. खाचरात पाणी सोडलं, रोपं भरली, यंत्र चालवलं. मागे हिरव्या ओळी उमटत गेल्या. पुढे पाण्यातल्या म्हशीही दाखवल्या, पण म्हशींकडे तिचं लक्षच नव्हतं. ती ओळींकडे बघत होती. चाळीस पावसाळे ती वाकून आवणी करत होती. शेवटी मला म्हणाली, "बाला, ई मशीन एका मुठीन कवरी रोपां धरतं?"

मला सांगता आलं नाही. गेममध्ये कुठे लिहिलेलं दिसलं नाही. ती म्हणते दोन-तीनच हवीत, जास्त धरली तर फुटवे येत नाहीत आणि एकच लावलं तर खेकडा खातो. खऱ्या यंत्रात ते कमी-जास्त करायची सोय असणार. तिथल्या सरांना विचार, जमलं तर यंत्राशेजारी उभा राहून मोजून घे आणि आजीला फोन कर. ती रोज विचारते, ओंकारचा फोन आला का.

पेडल आणि स्प्रिंग शेजारच्या काकांबरोबर पाठवतोय, ते गुरुवारी दापोलीला येतायत. स्प्रिंग मी मुद्दाम बसवलेली नाही, तू बसव. तिचा आखूड हूक पेडलच्या बाजूला येतो, लांब हूक पत्र्याला. रबराच्या पायांखालचे दोन स्क्रू बाकीच्यांपेक्षा छोटे आहेत. ते वेगळ्या पुडीत बांधून वर 'पाय' असं लिहिलंय. पुडी सांभाळून उघड.

तुझा,
बाबा